‘इव्हननेस’ला मराठीत काय म्हणावं?

रानवाटा: जैवविविधतेच्या एका सर्वेक्षण अहवालाचा अनुवाद करतेय. ‘रिचनेस’ला ‘जातिसंख्या’ चालून गेलं, गाडी अडली ‘इव्हननेस’वर, म्हणजे जातीजातींमधली जिवांची संख्या किती सारखी आहे यावर. मी ‘समानता’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘समता’ केलं. मला दोन्ही पटत नाहीत. समजा, दोन कुरणं आहेत आणि दोन्हींत चार जातींची मिळून 100 फुलपाखरं. एकात प्रत्येक जातीची 25. दुसऱ्यात एकीची 97, उरलेल्या तिघींचं एकेक. जातिसंख्या सारखीच, पण सिम्पसनचा विविधता निर्देशांक (सहज निवडलेले दोन जीव वेगवेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता) पहिल्यात 0.75, दुसऱ्यात जेमतेम 0.06. हा फरक दाखवणारा शब्द हवाय.

औदुंबर: ‘समता’ नकोच, त्याला सामाजिक अर्थ घट्ट चिकटलाय. ‘समविभागणी’?

शब्दवेल्हाळ: विभागणी म्हटलं की कुणीतरी बसून वाटे घालतंय असं वाटतं. ‘समप्रमाणता’ बरा. 97 आणि एक यांतलं प्रमाणच तर बिघडलंय.

बोरू: ‘जाती’ लिहिलंत, फार बरं वाटलं. वर्तमानपत्रं सर्रास ‘प्रजाती’ छापतात. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट! स्पीशीजला, म्हणजे एकेका जातीला, प्रजाती म्हणणं हिंदीतून आलंय.

औदुंबर: आलं आणि रुळलं. वर्गात ‘जाती’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात भलतंच काही येतं. प्रजाती म्हटलं की सगळ्यांना नेमकं कळतं. जीनसला ‘वंश’ आहे की.

बोरू: ‘वाघ आणि सिंह एकाच प्रजातीचे’ हे वाक्य जुन्या परिभाषेत बरोबर, तुमच्या अर्थाने साफ चूक. आधीच्या पिढीचे ग्रंथ मुलांनी वाचायचे कसे?

शब्दवेल्हाळ: ‘विविध’मधला ‘विध’ म्हणजे प्रकार. त्यात किती प्रकार एवढंच येतं, कोण किती हे येत नाही. म्हणून मला ‘विविधता निर्देशांक’ हेही अपुरं वाटतं.

रानवाटा: उलट, दोन्ही एकत्र मोजायचं म्हणून तर निर्देशांक लागतो. हिल या परिस्थितिकी अभ्यासकाने 1973 मध्ये तेच ‘किती जातींच्या तोडीचं’ अशा आकड्यात मांडलं. सिम्पसनवरून काढलं तर पहिलं कुरण 4, दुसरं 1.06. त्या आकड्याला मी ‘प्रभावी जातिसंख्या’ म्हणतेय. चालेल?

औदुंबर: ‘प्रभावी प्रजातिसंख्या’ म्हणा, चालेल.

बोरू: म्हणजे चार जीनस मोजायच्या?