८०५१ बोर्डाकडून ‘ए’ऐवजी दुसरेच अक्षर येते

प्रश्न
भोसरीतील आमच्या लहानशा कारखान्यात भट्टीचे तापमान दर मिनिटाला नोंदवणारा बोर्ड माझ्या वडिलांनी स्वतः बनवलेला आहे. त्यात एटी८९एस५२ (८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप), मॅक्स२३२ (तिचे सिग्नल सीरियल पोर्टला लागणाऱ्या व्होल्टेजमध्ये बदलणारी चिप) आणि नऊ पिनांचा सीरियल कनेक्टर आहे. प्रोग्रॅमचा सोर्स कोड मात्र आता सापडत नाही. ‘९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट’ एवढे त्यांच्या वहीत लिहिलेले आहे (९६०० हा सेकंदाला पाठवायच्या बिटांचा वेग, आणि स्टॉप बिट म्हणजे अक्षर संपल्याची खूण). गेल्या महिन्यात क्रिस्टलचा (चिपला घड्याळाचे ठोके देणाऱ्या भागाचा) पाय तुटला, म्हणून तापकीर गल्लीतून नवा आणून बसवला, आणि तेव्हापासून संगणकावर निरर्थक चिन्हे उमटतात. सुरू होताना बोर्ड ‘ए’ हे अक्षर थांबून थांबून काही वेळा पाठवतो. हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) ते ४१ दिसायला हवे, पण दर वेळी ए१ दिसते. यूएसबी-सीरियल केबलच्या पिन २ व ३ एकमेकींना जोडल्या, तर टाइप केलेले जसेच्या तसे परत येते. मॅक्स२३२ बदलावा का?

उत्तर १
घाईने बदलू नका. बोर्ड काही पाठवत नसताना मॅक्स२३२ च्या पिन १४ वर ग्राउंडच्या तुलनेत उणे आठ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला, तर चिप आणि तिचे कपॅसिटर यांचे काम बहुधा ठीक आहे. शिवाय सैल जोडणीने अक्षरे दर वेळी वेगवेगळी बिघडतात. तुमच्याकडे चूक प्रत्येक वेळी एकच आहे.

उत्तर २
नव्या क्रिस्टलवर काय छापले आहे ते पाहा. माझ्या मते तिथे १२.००० असणार. ११.०५९२ मेगाहर्ट्झला आधी १२ ने आणि मग ३२ ने भागले की २८,८०० येतात, आणि टायमर १ मध्ये (वेग ठरवणाऱ्या चिपमधल्या मोजणीयंत्रात) हेक्समधला एफडी हा आकडा भरलेला असला की तो दर तीन ठोक्यांनी भरतो, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे नेमके ९६००, हा वेग मिळतो. १२ मेगाहर्ट्झवर याच हिशेबाने सुमारे १०,४१७ येतात. बोर्ड साडेआठ टक्के घाईने बोलतो, त्यामुळे संगणक पहिले पाच डेटा बिट बरोबर वाचतो, पण सहाव्याच्या जागी सातवा, सातव्याच्या जागी आठवा आणि आठव्याच्या जागी स्टॉप बिट वाचतो. कागदावर ४१ चे बिट सर्वांत लहान बिट आधी असे मांडून, स्टॉप बिट १ धरून असे सरकवून पाहा, ए१ च मिळेल. हे उदाहरण तुम्ही दिलेत, म्हणून निदान इतके सोपे झाले.

खात्री करण्यासाठी सोल्डरिंग गन हाती घेण्याची गरज नाही. केबलमध्ये एफटी२३२ (यूएसबीचे सीरियलमध्ये रूपांतर करणारी) चिप असेल आणि टर्मिनल प्रोग्रॅम हवा तो वेग स्वीकारत असेल, तर १०४१७ टाका. तसेच दोन नोंदींमधले अंतर घड्याळाने मोजा. ते साठ नव्हे, पंचावन्न सेकंदांच्या जवळ असेल.

प्रश्नकर्ता
क्रिस्टलवर १२.००० च छापले आहे. पिन १४ वर उणे ८.४ व्होल्ट मिळाले, १०४१७ वर ‘ए’ स्वच्छ उमटला, आणि दहा नोंदींना नऊ मिनिटे तेरा सेकंद लागले. म्हणजे महिनाभराच्या नोंदींतील वेळाही चुकलेल्या आहेत, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. केबलचा वेग १०४१७ ठेवूनच काम चालवले तर?

उत्तर २
तसे करू नका. अक्षरे वाचता येतील, पण घड्याळ पुढेच पळत राहील, आणि भट्टीच्या नोंदीत वेळेला तापमानाइतकेच महत्त्व आहे. सोर्स कोड नसल्याने टायमरचे आकडे बदलता येणार नाहीत, म्हणून ११.०५९२ छापलेलाच क्रिस्टल बसवा. दुकानात ‘अकराचा’ असे न म्हणता पूर्ण आकडा सांगा. जुन्या नोंदींसाठी, बोर्ड सुरू केल्यापासून मोजलेल्या कालावधीला ०.९२१६ ने गुणले की खरा कालावधी मिळेल.