मदत हवी आहे: आईच्या प्रोटीन बिस्किटांऐवजी सकाळी काय द्यावं?

आई ६२ वर्षांची, वजन ५५ किलो, शाकाहारी, अंडंही खात नाही. जाहिराती पाहून आपल्याला प्रोटीन कमी पडतंय हे तिच्या मनात पक्कं बसलंय. सकाळची भाकरी-उसळ सोडून प्रोटीन बिस्किटं खाते. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. त्यात पहिला मैदा, दुसरी साखर! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशेबाने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तिला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम पुरतं, हे समजावलं. पटलं, पण "मग खाऊ काय?" म्हणते. मटकी-हरभऱ्याने गॅस होतो, कवळीमुळे चावतही नाही. मुगाचं वरण, दूध-दही चालतं. साखर, किडनी तपासून घेतली, ठीक आहे. सकाळी झटपट होणारं, मऊ, प्रोटीन असलेलं काय करता येईल आणि किती वाट्या द्यावं?