ऑनलाइन शाळेला मधली सुट्टी असते का? (अनुभव धागा)

नवऱ्याचं काम रस्त्यांच्या प्रकल्पांवर. दर दीड-दोन वर्षांनी साइट बदलते. दुसरी संपेपर्यंत लेकीच्या तीन शाळा झाल्या, तेव्हा जून २०२३ पासून तिला पूर्णवेळ ऑनलाइन शाळेत घातलं. अभ्यास छान चाललाय, त्याची तक्रार नाही.

चौथीत असताना वाढदिवसाला कोणाकोणाला व्हिडिओ कॉल करायचा याची यादी करायला तिला बसवलं. तिने मामाच्या दोन मुलांची नावं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. वर्गात २२ मुलं, रोज चार तास ती त्यांना बघते. मी म्हटलं, "अगं, वर्गातलं कोणी?" तर म्हणाली, "ती माझ्या वर्गात आहेत गं आई, पण आमची ओळख नाहीये."

त्या दिवसापासून मी तिच्या शाळेकडे नीट बघायला लागले. १०:४० ला वीस मिनिटांची सुट्टी. पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते, सगळ्यांचे कॅमेरे बंद होतात आणि माझी पोर त्या आकड्यांकडे बघत एकटी पोहे खाते. पोटात तुटलं माझ्या. मला माझ्या चौथीतलं गणित आज आठवत नाही, पण गुरुवारी कोणाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी असायची ते अजून सांगता येईल. आमची मैत्री तासाला झालीच नाही कधी. ती नळावर, रांगेत, रिक्षात, पायऱ्यांवर बसून झाली. ऑनलाइन शाळेत तास तेवढे आले, बाकीचं सगळं गळून गेलं.

बाईंना विनंती केली, की सुट्टीत वर्ग बंद न करता तसाच उघडा ठेवाल का? त्या लगेच हो म्हणाल्या. पहिले आठ-दहा दिवस कोणी बोलेना. मुलं घास घेत नुसती एकमेकांकडे बघायची. मग एक दिवस सांगलीच्या एका मुलाने डबा दाखवायला कॅमेऱ्याच्या इतका जवळ नेला की चटणी लागली कॅमेऱ्याला. त्याचा अख्खा चौकोन लाल. तो पुसतोय, ती आणखी पसरतेय आणि सगळी पोरं खिदळताहेत. दुसऱ्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधीच लेक डबा उघडून तयार बसली होती.

तुम्ही काय केलंत? लॉकडाऊनमधले अनुभव असोत की आत्ताचे, सगळे लिहा. जे जमलं नाही तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडेल.

पुणे, एक बाबा

आमचा मुलगा जून २०२० मध्ये पहिलीत गेला. पुण्यात लहान वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले ते डिसेंबर २०२१ च्या मध्यावर, तोवर हा दुसरीत. पहिल्या दिवशी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाला, "बाबा, तो केवढा उंच आहे!" दीड वर्ष सगळी मुलं त्याने एकाच मापाच्या चौकोनात पाहिलेली.

आठवड्याभराने बाईंचा फोन आला. बाकावर शेजारी बसलेल्या मुलाशी बोलायचं असलं तरी हा आधी हात वर करून थांबायचा, कोणी "बोल" म्हणेल म्हणून. आणि रांगेत मागून जरा धक्का लागला की रडायचा. घरी आम्ही त्याला वाचन, पाढे, इंग्रजी सगळं शिकवलं होतं. धक्का खायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. तेव्हा आम्ही ठरवलं की संध्याकाळी पाच ते सात हा खाली असेल, काहीही झालं तरी. सोसायटीतली मोठी मुलं क्रिकेट खेळायची. त्यांनी त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतलं. फार मोलाची पद्धत आहे ही आपल्याकडची. लहान मूल खेळात असतं, धावतं, ओरडतं, पण आउट झालं तरी डाव जात नाही. तीन आठवडे कच्चा लिंबू राहिला आणि मग एक दिवस स्वतःच म्हणाला, "आता मला खरं आउट करा." मी गॅलरीतून ऐकत होतो. त्यानंतर मला त्याची काळजी वाटली नाही.

सोलापूर जिल्हा, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

२०२० साली माझ्या वर्गात ३१ मुलं होती आणि स्मार्टफोन होता ९ घरांत. त्यातलेही निम्मे फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, तिचा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांना फार आधार झाला. सोलापुरात नीलमनगरमध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, मुलं गल्लीतून जाता-येता वाचायची. ते बघून आम्हीही गल्लीवार विचार करायला लागलो. एका फोनमागे चार मुलं, बसायला कोणाच्या तरी घराचा ओटा.

फोन कोणी धरायचा यावरून रोज भांडण. मी मध्ये पडलो नाही. चार-पाच दिवसांत त्यांनीच वार लावून घेतले. सोमवार हिचा, मंगळवार त्याचा, आणि ज्याच्या हातात फोन त्याने बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. एक मुलगी वाचताना अडायची. तिच्या वाराला बाकीचे तिघे तिला हळूच शब्द सांगायचे. वर्गात हे मला वर्षभर घडवून आणता आलं नसतं.

शाळा उघडली तेव्हा एक गोष्ट दिसली, ती मनाला लागून राहिली. ज्या पोराकडे स्वतःचा फोन होता, घरात एकटा बसून जो सगळे तास नीट करायचा, तोच सगळ्यांत एकटा पडला होता. ओट्यावरच्या चौकड्या अजून एकत्र आहेत. म्हणून ताई, तुम्हाला एवढंच सांगेन, आठवड्यातून एखादा तास तरी लेकीच्या पडद्यासमोर दुसरं मूल बसू दे. मग ते त्या शाळेचं नसलं तरी चालेल.

ठाणे, एक आई

आमचं थोडं उलटं आहे, म्हणून लिहिते.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. शाळेत त्याची नक्कल व्हायची. सातवीत त्याने शाळेत जायचंच सोडलं आणि आम्ही घरून ऑनलाइन शिकवायला लागलो. पहिल्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागले होते की कॅमेरा लाव, माइक लाव, बोल. माझं चुकलं. तो आणखी मिटला. शेवटी त्याच्या ताईंनी सांगितलं, लिहून बोलतोय ना, तेही बोलणंच आहे.

ऑनलाइन बुद्धिबळात त्याची गाठ गोव्यातल्या एका मुलाशी पडली. आधी आम्ही दोघा आयांनी व्हिडिओ कॉलवर ओळख करून घेतली, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. समोर खरंच मूल आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग त्यांचे डाव सुरू झाले. डाव आणि खाली टाइप केलेल्या गप्पा. आठ महिने दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता.

मे महिन्यात आम्ही फोंड्याला त्यांच्या घरी गेलो. पहिली दहा मिनिटं दोघं गप्प, आम्ही मोठी माणसंच बोलतोय. मग त्या मुलाने पट मांडला. तिसऱ्या डावात माझा मुलगा काहीतरी बोलायला गेला आणि शब्द अडकला. माझा श्वास अडकला. तो मुलगा घोड्यावर हात ठेवून शांत थांबून राहिला, त्याच्याकडे बघत, वाक्य पुरं होईपर्यंत. हा टाइप करेपर्यंत थांबायची त्याला आठ महिन्यांची सवय होती.

अकोला, एक आजी

आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. २०२० ला नात मस्कतला, तिची शाळा घरूनच, आणि मैत्रिणींचं तोंड फक्त पडद्यावर. मी म्हटलं, आपण भुलाबाईची गाणी म्हणू, बोलव सगळ्यांना.

गाणी काही जमेनात. प्रत्येकीचा आवाज मागे-पुढे पोचतो, सगळा गोंधळ. मग एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून टाळ्या वाजवायच्या, असं केलं. पण खरी मजा खाऊ ओळखण्यात असते. डबा हलवून वाजवायचा आणि मुलींनी सांगायचं आत काय आहे. मी फोनजवळ डबा हलवतेय, हलवतेय, तिकडे काही ऐकूच जात नाही! जावयाने शोधून काढलं की ते ॲप डब्याच्या आवाजाला खडखडाट समजून गाळून टाकतं. ती सोय बंद केली आणि मग काय, "गोड की तिखट?" "भाजलेलं की तळलेलं?" नुसता कल्ला. फुटाणे होते, पाचव्या मुलीने ओळखले.

भुलाबाई उठली तरी दर शनिवारी डबा चालूच राहिला. आपापल्या घरचा डबा, आपापली पाळी. जिची पाळी ती आदल्या दिवशीपासून आईच्या मागे लागायची, कोणाला ओळखता येणार नाही असं काहीतरी कर म्हणून.

कोल्हापूर, एक आई

जमलं नाही तेही लिहा म्हटलंय म्हणून लिहिते.

सहावीत मुलीला मोठं आजारपण आलं, वर्षभर घरून शाळा. चौघी मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तोच तिचा जीव. एक दिवस बाकीच्या तिघींनी वेगळा ग्रुप काढला, आणि त्यातल्या बोलण्याचा स्क्रीनशॉट चुकून हिच्याकडे आला. पोरगी जेवली नाही. मी तिरीमिरीत एकीच्या आईला फोन लावला. संध्याकाळपर्यंत चारही आया एकमेकींशी वाद घालत होत्या. आम्ही आया पुढे सहा महिने बोललो नाही. मुलींचं दोन दिवसांत मिटलं असतं, ते आमच्यामुळे महिना चाललं.

नंतर विचार केला. आम्ही लहानपणी कट्टी घ्यायचो तेव्हाही एकाच अंगणात असायचो. करंगळी दाखवली तरी लगोरीला माणूस कमी पडायचा, मग बट्टी व्हायचीच. फोनवरच्या कट्टीला अंगण नसतं. समोरासमोर येण्याचं काही निमित्तच उरत नाही, आणि लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचता येतं.

म्हणून मी निमित्त काढायला लागले. त्यातली एक मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे किल्ला करत होते. मी लेकीच्या हातात आळिवाची पुडी दिली, म्हटलं, "किल्ल्यावर पेरायला देऊन ये." मी गेटपाशीच थांबले. दहा मिनिटांनी बघते तर दोघींचे हात कोपरापर्यंत मातीत. येताना विचारलं, "त्या ग्रुपबद्दल बोललात का?" तर म्हणाली, "त्यात काय बोलायचं?"

ॲलिस स्प्रिंग्ज, ऑस्ट्रेलिया

मी इथे नर्स आहे. इथली स्कूल ऑफ द एअर १९५१ पासून चालू आहे. शेकडो किलोमीटरवरच्या गुरांच्या फार्मवर राहणारी मुलं आधी रेडिओवर शिकायची, आता सॅटेलाइट इंटरनेटवर. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ते मुलांना वर्षातून काही वेळा गावात आणतात, एकत्र ठेवतात, पोहायला-खेळायला सोडतात. तुमच्या शाळेला विचारा, वर्षातून एकदा तरी मुलांना एकत्र आणाल का. चार पालकांनी मिळून ठरवलं तरी होईल.

नाशिक, बारावीची विद्यार्थिनी

मी लॉकडाऊनमध्ये सातवीत होते, म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते.

मी आणि माझी मैत्रीण रात्री कॉल लावून ठेवायचो आणि काहीच बोलायचो नाही. ती तिचा गृहपाठ करायची, मी माझा. मधेच ती पाणी प्यायची, तिच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू यायची. आई खोलीत आली की म्हणायची, "बोलत नाही आहात तर बंद कर की." तिला कसं सांगू, की ते शेजारी बसणंच होतं. तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं.

काका-काकू, मुलांना रोज "आज कोणाशी बोललीस?" असं विचारू नका. हजेरी घेतल्यासारखं वाटतं. आणि ॲक्टिव्हिटी ठरवून दिल्यात की तोही एक तासच होतो.

नांदेड, एक आई

पहिल्या पोस्टमधल्या ताई, सुट्टीत वर्ग उघडा असतो तेव्हा मोठं माणूस कोणी असतं का? कोणी चिडवलं, वाईट बोललं तर?

धागाकर्ती

हो, असतं. बाईंना दिवसभरात तीच वीस मिनिटं मिळतात, म्हणून आम्ही पाच पालकांनी वार वाटून घेतलेत. बाईंची यादी असते, त्याप्रमाणेच मुलं आत घ्यायची. आपला कॅमेरा बंद, माइक बंद, पण कान उघडे. भांडण झालं तर मध्ये बोलायचं नाही, कोणी कोणाच्या रंगावरून, घरावरून, बोलण्यावरून बोललं तरच थांबवायचं आणि बाईंना कळवायचं. आतापर्यंत दोनदा थांबवावं लागलं.

नाशिकची बाळ, तुझं वाचून मी कालपासून "कोणाशी बोललीस" विचारणं बंद केलंय. काल रात्री जेवताना तिनेच सांगितलं, की सांगलीच्या मुलाचा दात पडला, आणि त्याने तो डब्याच्या झाकणात ठेवून सगळ्यांना दाखवला.

माझा वार गुरुवार. उद्या मी आहे.