अनुभव हवेत: तुमचं अकाउंट कधी कोणी पळवलंय का?

फराळवाली
सकाळी शेजारच्या काकूंचा व्हॉट्सॲपवर मेसेज. "माझी भाची नाचाच्या स्पर्धेत आहे, या लिंकवर मत दे." काकूंना भाचीच नाही, तीन भाचे आहेत. लिंक उघडली नाही, पण पोटात जुनाच गोळा आला.

2021 ची दिवाळी. इन्स्टावर माझं फराळाचं पेज होतं. ऑर्डरी ऐन भरात, हात बेसनाचे, आणि मेसेज आला की चकलीच्या व्हिडिओतल्या गाण्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत फॉर्म भरा नाहीतर पेज बंद. गाणं मी खरंच लावलं होतं ना! फॉर्म हुबेहूब. नाव, पासवर्ड, मग आलेला कोड, सगळं घातलं. लाडू वळून होईपर्यंत पेज गेलं. ईमेल, नंबर, सगळं बदललेलं. वर गंमत अशी की "ईमेल बदललाय, तुम्ही बदलला नसेल तर इथे दाबा" हा खरा मेल जुन्या पत्त्यावर आला होता. तो मात्र मी खोटा समजून उडवला.

दुसऱ्या दिवशी माझ्याच फोटोसकट स्टोरी, 5 हजार गुंतवा, तीन तासांत 50 हजार मिळवा. माझ्या एका निवृत्त गिऱ्हाइकबाईंनी 5 हजार भरले. मला म्हणाल्या, "तुझ्या चकल्या कधी मऊ पडल्या नाहीत गं, म्हणून वाटलं खरं असेल."

तुमचंही लिहा. हसणार नाही.

गच्चीवरचा
मी हसतो, माझ्यावरच. माझ्या नावाच्या डुप्लिकेट फेसबुक अकाउंटला माझ्यापेक्षा जास्त लाइक मिळाले होते. तोच "माझा मित्र सीआरपीएफमध्ये, बदली झाली, फ्रिज-सोफा स्वस्तात काढतोय" वाला. सख्खा मेहुणा सोफ्याची मापं विचारत होता त्याला!!

आत्याबाई
आमच्या ह्यांना कुरियरवाल्याचा फोन. पत्ता सापडत नाही म्हणे, हा नंबर डायल करा. *401* आणि पुढे दहा आकडे. केला. कॉल तिकडे वळले, व्हॉट्सॲपचा कोड फोनवरून सांगतात तो त्यालाच ऐकू गेला. मुलाने ##002# करून वळवणं बंद केलं पण तोवर अख्ख्या भिशी ग्रुपला "अर्जंट 15 हजार पाठवा" गेलं होतं. एकीनेही पाठवले नाहीत. ह्यांना त्याचंच जास्त लागलं.

तिखटमीठ
फराळवाली, चकलीला भाजणी घरची का? माझ्या तेलात विरघळतात

डोंगरवेडा
माझं किल्ल्यांचं यूट्यूब चॅनल. बूट कंपनीच्या नावाने जाहिरातीचा मेल, कराराची फाईल जोडलेली. लॅपटॉपवर उघडली, काहीच दिसलं नाही, सोडून दिलं. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री करतात ते, चालू होतं हो! पण त्यांनी पासवर्ड मागितलाच नाही, ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचललं. रात्री राजगडाच्या जागी क्रिप्टो विकणारा गोरा माणूस लाइव्ह. ट्रेकला निघालो होतो, अर्ध्यातून परत.

वाचनमात्र
व्हॉट्सॲप गेलं तर आपल्याच नंबरने परत लॉगिन करा, तो बाहेर फेकला जातो. त्याने व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप सेटिंगमध्ये पिन लावला असेल तर 7 दिवस थांबावं लागतं. म्हणून आपला पिन आधीच लावून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिलीच पोस्ट, चुकलं तर सांभाळा.

आत्याबाई
@तिखटमीठ मोहन जास्त होतंय तुझं.

कोपऱ्यातली
अकाउंट पळवणाऱ्यांपेक्षा नंतर येणारे जास्त वाईट. "माझं अकाउंट गेलं" एवढं कुठे लिहिलं की खाली रांग लागते, अमुकला मेसेज करा, त्याने माझं परत मिळवून दिलं. मी 2 हजार दिले. मग अजून 3 मागितले.

फराळवाली
@कोपऱ्यातली मीही दिलेत. साडेचार हजार. घरात अजून कुणाला माहीत नाही, वर मुद्दामच लिहिलं नव्हतं.

कोपऱ्यातली
🫂

गच्चीवरचा
पण काकूंचं काय झालं? त्या मत देण्याच्या पानावर नंबर टाकला की आठ अक्षरांचा कोड येतो, तो व्हॉट्सॲपमध्ये घातला की आपलं व्हॉट्सॲप त्यांच्याकडेही चालू. लिंक्ड डिव्हाइस बघा म्हणावं, अनोळखी असेल ते लॉगआउट करा.

तिखटमीठ
मोहन कमी केलं तर कडक नाही का होणार?

फराळवाली
गेले होते आत्ता. काकू लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी कुठे काय पाठवलंय? मी फक्त जाऊबाईंच्या नातीला मत दिलं."
जाऊबाईंना नात नाही. चालले त्यांच्याकडे.

@तिखटमीठ भाजणी घरचीच, आल्यावर प्रमाण देते.