दाराचा पोचा रंग न लावता काढायचाय, मदत हवी आहे

घाटवाट:
गाडीच्या दाराला पोचा पडलाय. गॅरेजवाला म्हणतो, ठोकून लांबी (पुट्टी) भरावी लागेल आणि अख्खं दार रंगवावं लागेल. मला कंपनीचा रंग घालवायचा नाही. ऑनलाइन ग्लू-पुलरचा सेट मिळतो (पत्र्याला टॅब चिकटवून पोचा बाहेर ओढायचा), त्याने घरी जमेल का? शनिवारच्या आत हवंय.

पत्रेवाला:
कोणतं दार, केवढा पोचा, सपाट भागात की बॉडीलाइनवर (पत्र्यातल्या उठावाच्या रेघेवर)? नख फिरवून रंगाला तडा लागतोय का पाहा. फोटो तिरका काढा, पत्र्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल असा.

सोनचाफा_७:
एवढं काही नको. उकळतं पाणी ओता, लगेच गार पाणी. पोचा आपोआप बाहेर येतो.

पत्रेवाला:
ते प्लॅस्टिकच्या बंपरला, तेही मागून हाताने ढकललं तर. पोलादी पत्र्याला ताण बसून घडी पडली की उकळत्या पाण्याने ती सुटत नाही. हेअर ड्रायर आणि बर्फाचंही तेच.

हिशेबी:
इन्शुरन्सचा क्लेम मात्र करू नका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) पहिल्या वर्षी २० टक्के, चढत ५० पर्यंत जातो, एका क्लेमने शून्यावर येतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये तुमच्याच खिशातून.

घाटवाट:
इन्शुरन्सचं विचारलंच नव्हतं. मागचं डावं दार, हँडलच्या खाली, ९ सेंमी लांब, मधोमध धार आहे. रंग शाबूत. ग्लू चालेल की नाही एवढंच सांगा.

पत्रेवाला:
धार आहे म्हणजे ती क्रीज, पत्र्याची घडी. गोल टॅब एकदाच लावून ओढलात तर मधे उंचवटा येईल आणि दोन्ही टोकं आतच राहतील. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वॅक्सचा थर राहिला की ग्लू सुटतो. पत्रा हाताला कोमट लागेल इतकाच गरम करा, गार पत्र्यावर रंग तडकतो. लांबट टॅब गरम ग्लूने चिकटवा. ग्लू हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबा, मग टोकांकडून मध्याकडे हळूहळू ओढा. दर ओढीनंतर कडेला आलेला उंचवटा नायलॉनच्या टोकाच्या टॅपडाऊनने (उंचवटा ठोकून बसवायच्या काडीने) हलकेच बसवा. तो तसाच राहिला तर पोचा पुढे हलत नाही. ग्लू काढताना कडेला अल्कोहोल सोडून थांबा, खरवडू नका.

रॉडमास्तर:
नुसत्या ग्लूने क्रीज पूर्ण जात नाही. शेवटचा हात दाराच्या आतून रॉडने दाबूनच. काच पूर्ण खाली घ्या, रॉड आणि काचेमध्ये गार्ड ठेवा, स्पीकर काढला तर जागा मिळते. समोर पट्ट्यांचा लाइट ठेवा, पट्टी वाकडी दिसते तिथे रॉडचं टोक. कडेपासून मध्याकडे, बारीक बारीक दाब. घाईने दाबलं की पत्र्याला बारीक टोक येतं, रंग तिथेच फुटतो.

पत्रेवाला:
हँडलखाली आत साइड बीम (दारातली आडवी मजबुतीची पट्टी) असेल तर रॉड कसा जाणार?

रॉडमास्तर:
बीम आणि पत्र्यामध्ये सीलंट असतो, तो सोडवून पातळ चपटा रॉड सरकतो. बीमवर जोर द्यायचा नाही. आणि घाटवाट, क्रीज तुमचा पहिलाच प्रयोग नसावा. आधी भंगारातल्या दारावर हात बसवा, नाहीतर पीडीआरवाल्याकडे (रंग न लावता पोचे काढणाऱ्याकडे) द्या. शनिवारच्या घाईत हे काम बिघडतं.

घाटवाट:
गाडी सेकंडहँड आहे, त्याने काही फरक पडतो का?

पत्रेवाला:
सगळा फरक त्यानेच पडतो, हे आधी सांगायला हवं होतं. आधीच्या मालकाने लांबी भरून रंगवलेलं असू शकतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. ही जाडी मोजणारा थिकनेस मीटर नसेल तर छोटं कमजोर मॅग्नेट कागदात गुंडाळून सगळ्या दारांवर फिरवा. कुठे पकड ढिली लागली तर खाली लांबी आहे.

घाटवाट:
पुढच्या दाराला घट्ट चिकटतं. मागच्याला, पोच्याच्या खालच्या अर्ध्या भागात घसरतं.

रॉडमास्तर:
मग टॅब लावू नका. ग्लू लांबीसकट रंग उपटेल. आतून रॉड दाबला तरी लांबी तडकेल, कारण ती पत्र्यासारखी वाकत नाही. तिथला कंपनीचा रंग आधीच गेलेला आहे. गॅरेजवाल्याला सांगा, जुनी लांबी पत्र्यापर्यंत उतरव, पोचा आतून जमेल तितका काढ, मग अगदी पातळ थर भर. रंग मारताना शेजारच्या दारावर बेसकोटची (रंगाच्या थराची) ब्लेंडिंग कर, म्हणजे तो विरळ करत ने, आणि वरून क्लिअरकोट मार, म्हणजे छटा जुळते.

सोनचाफा_७:
माझ्या बॉनेटला मॅग्नेट कुठेच चिकटत नाही. सगळीकडे लांबी?

पत्रेवाला:
ते ॲल्युमिनियमचं असेल. पोलादापेक्षा सावकाश दाबावं लागतं, पत्रा पटकन ताणला जातो. वेगळा धागा काढा, गाडीचं मॉडेल लिहून.