सोनूच्या विमानावरचे त्रिकोण

वहिनी (आम्स्टलव्हेन, नेदरलँड्स), सकाळी ८.०५
सर्वांना नमस्कार. काल रात्रीच्या व्हिडिओ कॉलनंतर सोनू न जेवता झोपला, म्हणून हे इथे लिहीत आहे. गेले तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले आहे आणि बापलेक रोज रात्री ते फोकर डी-२१ या जुन्या डच लढाऊ विमानाचे मॉडेल जोडत बसले आहेत. शेवटची डच हवाईदलाची गोल चिन्हे चिकटवून झाल्यावर मुलाने हौसेने विमान कॅमेऱ्यासमोर धरले, आणि अण्णांनी "हे चुकले आहे, काढून टाक" एवढेच म्हणून फोन आईंकडे दिला. अण्णा, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण मला हे योग्य वाटले नाही. सोमवारी विमान वर्गात न्यायचे आहे.

आत्या (सातारा), ८.२२
पेटीवरच्या चित्रात गोल चिन्हच आहे. मुलाने चित्र पाहून केले. आहे तसेच राहू द्या.

अण्णा (ओझर), ८.४७
सूनबाई, माझे बोलणे तुटक झाले, हे मान्य. सोनूशी मी स्वतः बोलेन. पण मुद्दा मागे घेता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.
विमानाखालच्या लाकडी पट्टीवर सोनूने "१० मे १९४०" असे लिहिले आहे. त्या पहाटे जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला, तेव्हा उडण्याजोगी डी-२१ विमाने अवघी २८ होती आणि त्यांपैकी एकावरही लाल-पांढरे-निळे गोल चिन्ह नव्हते. ते चिन्ह १९२१ पासून होते, मध्ये नारिंगी ठिपका असलेले. परंतु १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर, देश तटस्थ असूनही, लांबून ते ब्रिटिश किंवा फ्रेंच विमानासारखे दिसू लागले, कारण रंग तेच तीन. सप्टेंबरमध्ये एका डच समुद्रविमानावर जर्मन विमानाने त्याच गैरसमजातून गोळीबार केला. त्यानंतर ऑक्टोबर १९३९ मध्ये सगळी गोल चिन्हे पुसून त्या जागी काळ्या किनारीचा नारिंगी त्रिकोण आला आणि शेपटीचे सुकाणूही संपूर्ण नारिंगी झाले. आम्ही कोणाच्या बाजूने नाही, आमच्यावर गोळी झाडू नका, असे सांगणारा तो त्रिकोण होता.

मामा (ठाणे), ९.१०
अण्णासाहेब, माहिती उत्तम. परंतु नारिंगी त्रिकोण लावला तर आमच्या पिढीला ते विमान कुटुंबनियोजनाच्या पाटीसारखे दिसेल, एवढेच नम्रपणे सुचवतो. मी आरंभीच म्हटले होते की एफ-१६ घ्या. डच हवाईदलाने ती २१३ घेतली, १९७९ पासून २०२४ पर्यंत वापरली, आणि त्यांच्यावर हेच गोल चिन्ह होते. हा प्रश्नच उद्भवला नसता.

आत्या, ९.१२
मामा, या ग्रुपवर मुले वाचतात. आणि पेटीवरच्या चित्रात गोल चिन्हच आहे.

अण्णा, ९.३०
मामा, वर्गाचा विषय मे १९४० मधले पाच दिवस हा आहे. तिथे एफ-१६ नेऊन काय उपयोग? दिवाळीतल्या शिवकालीन किल्ल्यावर मशीनगनधारी सैनिक उभे करण्यासारखेच ते होईल.

मामा, ९.३४
ते सैनिक मी आणले होते, हे आपण विसरला नाहीत, याचा आनंद आहे. आपण ते उचलून बुटांच्या खोक्यात ठेवलेत, हे सोनूही विसरलेला नाही.

वहिनी, ९.४०
कृपया किल्ल्याचा विषय इथे नको.

दादा (आम्स्टलव्हेन), १०.१५
आत्ताच मीटिंगमधून बाहेर आलो. किट मीच आणले, त्यामुळे थोडी जबाबदारी माझी. आत्या म्हणते ते खरे आहे, पेटीवर १९३९ च्या उन्हाळ्यातले विमान आहे आणि त्यावर गोल चिन्ह बरोबरच आहे. त्रिकोण चिन्हांच्या त्याच शीटच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहेत, ते आम्ही जादा समजून सोडून दिले. माझ्या मते सर्वांत सोपा मार्ग असा की चिन्हांना हात न लावता पट्टीवरची तारीख बदलावी. "उन्हाळा १९३९" लिहिले की विमानही खरे आणि पट्टीही खरी.

आत्या, १०.१८
मी तेच म्हणत होते. पेटीवरच्या चित्रात गोल चिन्ह आहे, ते राहू द्या.

अण्णा, १०.२६
दादाचा मार्ग बिनचूक आहे. तारीख बदलली तर माझी काहीही हरकत नाही. चिन्ह आणि तारीख एकमेकांशी जुळावीत, एवढाच माझा आग्रह होता. ओझरच्या विमान कारखान्यात मी ३१ वर्षे रंगकामात काढली. पंखावर चक्र रंगवण्यापूर्वी आम्ही आराखडा तीनदा पाहत असू. ती सवय हाडात आहे, त्यामुळे काल पटकन बोलून गेलो.

दादा, दुपारी ४.५०
सोनू शाळेतून आला आहे. पुढचे तो सांगतो तसे लिहितो.
"अण्णाआजोबा, मला तारीख बदलायची नाही. आमच्या घराजवळच्या स्किपोल विमानतळावरूनच ती विमाने त्या दिवशी उडाली होती, म्हणून मी १० मे निवडला. मी त्रिकोण लावणार. पण गोल चिन्हे काढताना खालचा रंग निघेल का?"

अण्णा, ४.५८
शाब्बास. चिकटवून एकच दिवस झाला आहे आणि वरून वार्निश मारलेले नाही, त्यामुळे निघतील. कागदी रुमाल कोमट पाण्यात भिजवून चिन्हावर अर्धा तास ठेव. मग मास्किंग टेपचा तुकडा आधी तळहातावर दोनतीनदा चिकटवून त्याचा जोर कमी कर, चिन्हावर दाब आणि कडेपासून हळूहळू उचल. घासू नकोस, नाहीतर तपकिरीवरचा हिरवा पट्टा जाईल.
सुकाणूवर नारिंगी रंग थेट लावू नकोस. खाली गडद रंग असला की नारिंगी मळकट विटकरी दिसतो. आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात दे, रात्रभर वाळू दे आणि मग नारिंगी लाव. त्रिकोण बसवण्याआधी त्या जागी चकचकीत पारदर्शक हात दे, म्हणजे खाली हवा अडकून चंदेरी झाक येणार नाही.

वहिनी, ५.२०
खिडकी उघडी ठेवून रंगवायचे आणि टेबल उद्या रात्रीपर्यंत रिकामे करून द्यायचे, या दोन अटींवर परवानगी आहे. अण्णा, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. काल एवढेच त्याला सांगितले असते तर तो जेवला असता.

अण्णा, ५.२४
खरे आहे, सूनबाई. आज रात्री फोन करतो.

मामा, ५.४०
ती गोल चिन्हे टाकून देऊ नका. टेपवरून नीट सुटली तर मला पाठवा.

आत्या, ५.४२
पण पेटीवरच्या चित्रात

आत्या, ५.४३
बरे. लावा त्रिकोण. फोटो मात्र आधी मला पाठवा.

दादा, रात्री ९.३५
धडावरची दोन आणि पंखांच्या वरची दोन गोल चिन्हे निघाली. उजव्या पंखावर मुगाच्या दाण्याएवढा रंग उडाला होता, तो सोनूने काडीच्या टोकाने भरला. सुकाणूवर पांढऱ्याचा पहिला हात झाला आहे. तो विचारतो आहे की स्टँडवर ठेवल्यावर पंखांची खालची बाजू कोणालाच दिसणार नाही, तर तिथली गोल चिन्हे तशीच राहिली तर चालेल का.

अण्णा, ९.३८
त्याला म्हणावे, तीही काढ आणि तिथेही त्रिकोण लाव. जमिनीवरच्या तोफखान्याला विमान खालूनच दिसते.