मदत हवी आहे : दुखतोय गुडघा आणि व्यायाम मांडीचा का? अप्पांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितेय. आमचे अप्पा ६३ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यापासून रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचा नेम, पावसातसुद्धा मोडला नाही. पण दोन महिने झाले, चढताना काही नाही आणि उतरायला लागले की वाटीच्या मागं दुखतं. परवा वाटेतल्या ‘चार भिंती’ स्मारकापाशीच बसून राहिले, फोनवर म्हणाले जरा हवा खातोय, मी गाडी घेऊन गेले तर दोन्ही हातांनी गुडघा धरून बसलेले, बघवत नव्हतं. एक्सरेत हाडं ठीक आहेत, झीज किरकोळ. फिजिओंनी मांडीचे व्यायाम दिलेत तर अप्पा अडून बसलेत, पंक्चर पुढच्या चाकाला आणि हवा मागच्या चाकात भरायची का म्हणतात. आणि कष्ट तर चढताना जास्त, मग उतरतानाच का दुखावं हे मलाही कळेना. नवरात्रात गडावरच्या मंगळाई देवीला चालत जायचंय त्यांना. प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा.

प्रतिसाद :
ताई, मी सांगलीत फिजिओ आहे. अप्पांना पाय लांब करून बसवा, मांडी एकदम सैल, आणि वाटी त्यांनाच दोन बोटांनी डावीउजवीकडं हलवून बघू द्या, सहज सरकते. आता गुडघा जमिनीकडं दाबून मांडी आवळायला सांगा. वाटी वर ओढली जाते आणि घट्ट बसते, बोटानं हलत नाही. गुडघ्याला हातसुद्धा न लावता मांडीनं धरली ना ती?

स्नायू फक्त ओढतो, ढकलणं त्याला जमत नाही, म्हणून गुडघा सरळ करायला मांडीच्या पुढचे चार स्नायू आणि वाकवायला मागचे. पुढचे चारही खाली एका जाड कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत मिळतात, वाटी त्या कंडरेतच बसलेली असते आणि कंडरेचं टोक नडगीच्या हाडाला. म्हणजे वाटी ही विहिरीवरची कप्पी, दोर मांडीतून येतो.

आता उतरणं. एक पाय खालच्या पायरीवर टेकेपर्यंत वर राहिलेला गुडघा हळूहळू वाकत सगळं वजन खाली सोडतो, मांडीचा स्नायू लांब होत असतानाच ओढून धरत असतो. अप्पांना म्हणावं पसरणी घाटात गाडी उतरवताना काय तापायचं, इंजिन की ब्रेक? इथं ब्रेक मांडी आहे, तीही आधी चढून दमलेली. गुडघा वाकलेला असताना वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि मांडी कमजोर असली की वजन धक्क्यानं खाली येतं, ते तिथंच जाणवतं.

फक्त गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा रात्री झोप मोडत असेल तर व्यायाम थांबवून आधी दाखवा.

मूळ प्रश्न विचारणारी :
खूप खूप आभार! वाटीचा प्रयोग केला, अप्पा चार वेळा आवळून सैल करून बघत बसले, मग म्हणाले ब्रेकचं लायनर गेलंय म्हण की. आज सकाळी कागद काढून व्यायाम केला स्वतःहून. किती दिवसांत फरक पडेल? आणि तोवर जिना उतरायचा कसा?

प्रतिसाद :
स्नायूला ताकद यायला सहा ते आठ आठवडे तरी धरा, रोज थोडं थोडं. गड तोवर अर्ध्यापर्यंतच. जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर, आणि कठडा धरायला लाजू नका म्हणावं.